एकच पाप पुन्हा पुन्हा. उज्जीवन सभेत रडतो आणि थोड्या दिवसांत परत तिथेच. पवित्र जीवन खरंच जमतं का कोणाला?

पुण्यातला_नगरकर (धागाकर्ता)

सगळ्यांना सलाम. मूळचा नगर जिल्ह्यातला, सध्या नोकरीला पुण्यात. वेगळ्या आयडीने लिहितोय कारण इथे आमच्या मंडळीतले (चर्चमधले) लोक असणार आणि आपल्याकडे ओळख निघायला वेळ लागत नाही.

सरळच विचारतो. मला रात्री मोबाईलवर अश्लील व्हिडिओ बघायची सवय आहे. कॉलेजच्या होस्टेलवर लागली ती सुटलेली नाही. घरात तिसरी पिढी ख्रिस्ती, आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते, मी स्वतः तरुण संघाचं काम बघतो, रविवारी गायनमंडळात उभा असतो, संडेस्कूलची मुलं दादा दादा करत मागे असतात. आणि शनिवारी रात्री मी काय बघत होतो ते माझं मला माहीत. दरवर्षी उज्जीवन सभेत (विश्वास नव्याने जागवायला भरते ती) पुढे जातो, गुडघे टेकतो, रडतो, आणि ते रडणं खोटं नसतं, त्या क्षणी खरंच वाटतं की झालं, सुटलं. मग ऑफिसात एखादा खराब दिवस, रूममेट गावाला गेलेला, आणि परत तेच. त्यानंतर लाज, मग बायबल उघडायचं धाडस होत नाही, मग प्रार्थना बंद, आणि प्रार्थना बंद झाली की पुढच्या वेळी बघणं अजून सोपं जातं.

बायबलात इब्री १२:१४ मध्ये पवित्रतेवाचून कोणी प्रभूला पाहणार नाही असं आहे, ते वाचलं की पोटात खड्डा पडतो. दुसरीकडे रोम ७ मध्ये (रोमकरांस पत्राचा सातवा अध्याय) प्रेषित पौल म्हणतो जे करायचं नाही तेच मी करतो. म्हणजे पौलाचंच असं तर आपलं चालायचंच, असं समजायचं का? तरुण संघ सोडू का? लग्न ठरलंय, मुलगी प्रार्थनेची आहे, तिला सांगू का? आणि मुख्य म्हणजे हे कोणाचं सुटलंय का? ज्यांचं सुटलंय त्यांनी कृपया लिहा, नुसतं वचन टाकून जाऊ नका, वचनं मला पाठ आहेत.

जुना_संडेस्कूलवाला

बाळा, तुझ्या शेवटच्या वाक्याचा मान ठेवतो, पण रोम ७ तूच काढलास म्हणून त्यावर बोलावं लागेल. अध्यायांचे आकडे पौलाने घातलेले नाहीत, ते शेकडो वर्षांनी पडले, तो एका दमात लिहितोय. सहाव्यात म्हणतो पापाने तुमच्यावर राज्य करू नये, सातव्यात झगडा सांगतो, आठव्याच्या तेराव्या वचनात म्हणतो आत्म्याच्या योगे देहाची कर्मे ठार मारा. ‘ठार मारा’ हा शब्द आहे, सांभाळून घ्या असा नाही. सातव्या अध्यायावर तंबू ठोकून बसणारे लोक मी मंडळीत चाळीस वर्षं बघतोय, ते सगळे आठव्याच्या दारातून परत फिरलेले असतात.

आता कामाचं. त्याच पत्रात १३:१४ ला आहे की देहवासना तृप्त करण्यासाठी तरतूद करू नका. या तरतुदीवर आम्ही मास्तर लोक पुरेसं शिकवत नाही. तुझं लिहिलेलंच परत वाच. रूममेट गावाला, खोलीचं दार बंद, फोन उशाशी, डोकं ऑफिसच्या त्रासाने भणभणलेलं, झोप नाही. ही सगळी तरतूदच झाली, पाप नंतर होतं. सभेत रडून आल्यावर यातलं काय बदललंस? फोन त्या रात्री कुठे होता? उशाशीच ना?

संत ऑगस्टीनची गोष्ट उपदेशात ऐकली असशील. तरुणपणी प्रार्थना करायचा की देवा मला शुद्ध कर पण इतक्यात नको. ३८६ साली मिलानच्या बागेत त्याने रोमकरांस पत्र उघडलं आणि हेच तरतुदीचं वचन समोर आलं, तिथे माणूस फिरला, पुढच्या वर्षी बाप्तिस्मा घेतला. उपदेशक इथे आमेन म्हणून थांबतात. पण दहा-बारा वर्षांनी बिशप असताना त्यानेच लिहिलंय की जुन्या गोष्टींची चित्रं अजून स्वप्नात येतात, जिभेचा मोह रोजचा आहे, लोकांनी वाहवा केलेली आवडते. म्हणजे बागेतली घटना खरी आणि नंतरची रोजची लढाईही खरी. तुला बाग दरवर्षी मिळतेय, नंतरचं कोणी शिकवलं नाही.

अग्नी_आणि_आत्मा

प्रेज द लॉर्ड भाऊ. वरच्या काकांचा मान राखून सांगतो, हे सगळं डोक्याने सोडवायचं काम नाहीये. हे बंधन आहे आणि बंधन तुटतं. मी स्वतः गुटखा खायचो, दिवसातून किती पुड्या ते मोजत नव्हतो, तोंड अर्धंच उघडायचं. एका उपवास प्रार्थनेत पास्टरनी हात ठेवला आणि घरी येईपर्यंत इच्छाच गेली, आज बरीच वर्षं झाली वासही सहन होत नाही. येशूच्या नावात सामर्थ्य आहे. १९०५ ला केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये काय झालं ते वाचा, मुली पवित्र आत्म्याने भरल्या, रडून रडून पापं कबूल केली, एका रात्रीत सगळं बदललं. तोच देव आज आहे. उपवास धरा, सुटका मागा, आणि विश्वास ठेवा की सुटलं. मी तुमच्यासाठी आज रात्रीपासून प्रार्थनेला बसतोय, हे नुसतं लिहायचं म्हणून लिहीत नाहीये.

पुण्यातला_नगरकर

दादा, प्रार्थनेबद्दल मनापासून आभार. पण खरं सांगू का, हाच भाग मला तोडतो. विश्वास ठेवा सुटलं असं मी दरवेळी धरलं आणि दरवेळी पडलो, मग वाटतं माझा विश्वासच खोटा. तुमचा गुटखा सुटला ते खरं असणारच, माझं का नाही हे कळत नाही.

काका, हो. फोन उशाशीच होता.

दौंड_लोकल

केडगावचं नाव निघालं म्हणून लिहिते. आमची आजी मुक्तीत वाढली, त्यामुळे हे घरात ऐकत आले आणि नंतर वाचलंही. १९०५ च्या जूनअखेरीस जे झालं ते खरं, पण ते एका रात्रीत झालं असं म्हणणं बरोबर नाही. त्या वर्षीच्या जानेवारीपासून पंडिता रमाबाईंनी तिथे रोजच्या प्रार्थनेचे गट सुरू केले होते, शेकडो मुली रोज जमायच्या. आणि कबुलीनंतर त्या मुली परत गेल्या कुठे तर दळण, शेत, विणकाम, छापखाना, शाळा, आजारी मुलींची सेवा. भरलेला दिवस, सोबत माणसं, पहाटे उपासना. एकटं पडायला जागाच नव्हती. तो भाग साक्षीत कोणी सांगत नाही.

आणि स्वतः रमाबाईंचं बघा. १८८३ ला इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा झाला, आणि नंतर त्यांनीच साक्षीत लिहिलं की ख्रिस्ती धर्म मला मिळाला होता पण ख्रिस्त मिळायला पुढे आठेक वर्षं गेली. त्याआधीच त्या जगभर फिरल्या होत्या, मुंबईत शारदा सदन काढलं होतं, लोक त्यांना मोठी बाई म्हणत होते. तरी त्यांना असं लिहायला लाज वाटली नाही. पुढे १९२२ ला वारल्या तोपर्यंत बायबलच्या भाषांतराचं काम चालू होतं. अग्नी दादा, तुमचा अनुभव मी नाकारत नाही, देव कोणाला झटक्यात सोडवतो. पण ज्याला झटक्यात सोडवत नाही त्याला तो टाकून देतो असं बायबलमध्ये कुठेच नाही.

गासची_सून

मी वसईची, कॅथलिक. आमच्याकडे याला सरळ उत्तर आहे, फादरांकडे पापनिवेदन कर. पण धागा वाचून लक्षात आलं की आमच्याकडेही तेच होतं जे तुझं होतंय, फक्त जागा वेगळी. लोक नाताळ आणि ईस्टरच्या आधी रांगेत उभे राहतात, तीच यादी सांगतात, बाहेर येतात आणि वर्षभर विषय बंद.

माझं पाप तुझ्यासारखं लपलेलं नव्हतं, जिभेचं होतं. घरात जाऊबाईंबद्दल बोलायचं, फोनवर बोलायचं, चर्चच्या पायऱ्यांवर बोलायचं, आणि प्रत्येक वेळी ते खरंच असायचं त्यामुळे पाप वाटायचंच नाही. एका वर्षी उपवासकाळात एका वयस्कर येशूसंघीय फादरांनी मला सांगितलं, सगळी पापं एकदम धरू नकोस, एक धर. त्यांच्या संघाचे संस्थापक संत इग्नाशियस यांची पद्धत आहे, त्यांच्या साधनेच्या पुस्तकाला पोपची मान्यता १५४८ ला मिळालीय इतकं जुनं. सकाळी उठताना ते एकच पाप मनात आणायचं, दुपारी दोन मिनिटं थांबून बघायचं, रात्री परत बघायचं, आणि वहीत दिवसाच्या रेघेवर जितक्या वेळा झालं तितके ठिपके द्यायचे. दुसऱ्या दिवसाची रेघ आधीच्यापेक्षा थोडी लहान काढायची. मी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला काढायचे. पहिल्या आठवड्यात ठिपके बघून मीच घाबरले. पण काय झालं की ठिपका द्यावा लागणार हे बोलायच्या आधी आठवायला लागलं, आधी ते बोलून झाल्यावर आठवायचं. फादरांनी दुसरी गोष्ट सांगितली की ज्या दिवशी जाऊबाईंबद्दल बोललीस त्या दिवशी त्यांचं एक काम कर, न सांगता. ते जड गेलं. पण फरक त्याने पडला.

आमच्या पश्चात्तापाच्या प्रार्थनेत पापाचे प्रसंग टाळीन असं वचन द्यावं लागतं, ते तुमच्या काकांच्या तरतुदीसारखंच आहे. माझा प्रसंग म्हणजे मिस्सानंतरच्या पायऱ्या, मी तिथे थांबायचं बंद केलं.

फक्त_वचन

ताई, चांगलं लिहिलंत पण १ तीमथ्य २:५ प्रमाणे देव आणि मानव यांच्यामध्ये एकच मध्यस्थ आहे. माणसाजवळ कबुली देण्याची गरज नाही. १ योहान १:९, आपण आपली पापे कबूल केली तर तो क्षमा करायला विश्वासू आणि न्यायी आहे. देवाजवळ कबूल करा, विषय संपला.

मेथडिस्ट_माणूस

विषय संपत असता तर हा धागाच निघाला नसता भाऊ. १ योहान १:९ क्षमेबद्दल आहे, त्यात दुमत नाही. पण याकोब ५:१६ पण त्याच बायबलमध्ये आहे, तुम्ही बरे व्हावे म्हणून आपली पापे एकमेकांजवळ कबूल करा. बरे व्हावे म्हणून. धागाकर्त्याला क्षमा मिळालीच असणार, दर सभेला मिळाली असणार, त्याला बरं व्हायचंय.

आमच्या मेथडिस्ट लोकांनी जी गोष्ट इतिहासात गाडून टाकली ती सांगतो. आमची चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीने १७३८ च्या नाताळात छोट्या गटांचे नियम लिहून काढले, आणि उद्देश म्हणून हेच याकोबाचं वचन घातलं. आठवड्यातून एकदा भेटायचं, वेळेवर यायचं, पुरुष वेगळे बायका वेगळ्या, आणि प्रत्येकाला प्रत्येक वेळी विचारायचं: मागच्या भेटीनंतर तुला माहीत असलेलं कोणतं पाप तू केलंस? कोणते मोह आले? त्यातून कसा सुटलास? असं काही केलंस किंवा बोललास का की ते पाप आहे की नाही याबद्दल तुला शंका आहे? आणि शेवटचा, असं काही आहे का की जे तुला लपवून ठेवावंसं वाटतंय? हे लोक काय संत नव्हते, साधी कामकरी माणसं होती. मेथडिस्ट मिशनरी विल्यम टेलरने १८७१ ला मुंबईत काम सुरू केलं तेव्हा आमच्याकडेही असे गट होते. आता गटात फक्त चहा आणि वाढदिवसाची प्रार्थना उरलीय.

आम्ही तिघांनी हे परत सुरू केलंय, काही वर्षं झाली. एक जण शिक्षक, एक रिक्षा चालवतो, एक मी. शनिवारी सकाळी सहाला, रिक्षावाल्या भावाच्या घरी, त्याची बायको दूध आणायला जाते तेवढ्यात. प्रश्न एका कागदावर लिहिलेले आहेत, तो कागद आता मऊ पडलाय. पहिल्यांदा मी शेवटच्या प्रश्नाला नाही म्हणालो आणि दुसरा भाऊ गप्प बसून माझ्याकडे बघत राहिला, बराच वेळ, मग मी सांगितलं. माझं पण धागाकर्त्याचंच होतं. सुटलं का? हो. पहिल्या वर्षी पडलो, पण पडलो त्याच दिवशी फोन केला, शनिवारची वाट बघितली नाही. पूर्वी पडल्यावर आठवडे जायचे ना लाजेत, ते बंद झालं, त्याच रात्री उठून प्रार्थना व्हायला लागली, आणि मग अंतर वाढत गेलं.

एक नियम आमचा आमच्या अनुभवातून आला तो सगळ्यांनी घ्यावा. गटातलं काही म्हणजे काहीही प्रार्थनेचा विषय म्हणून बाहेर जाणार नाही. बायकोला नाही, पाळकांना नाही. एकच अपवाद, कोणी दुसऱ्याला, विशेषतः लहान मुलांना, इजा करत असेल तर गप्प बसायचं नाही.

पाळकाची_लेक

त्या नियमाला शंभर वेळा अनुमोदन. माझे वडील पाळक होते, मी लहानपणापासून बघितलंय, बुधवारच्या प्रार्थनासभेत एखादी ताई उठते आणि म्हणते अमक्या घराण्यासाठी प्रार्थना करा, त्यांच्या मुलाचं फार बिघडलंय, जास्त सांगत नाही. गुरुवारी दुपारपर्यंत पूर्ण मिशन कंपाउंडला माहीत. आणि मग आपण विचारतो लोक कबूल का करत नाहीत. त्या मुलाने पुढे चर्चमध्ये पाऊल टाकलं नाही. लोकांची गुपितं प्रार्थनेच्या नावाखाली वाटणं हे पण सवयीचं पाप आहे, त्याच्यासाठी उज्जीवन सभेत कोणी पुढे आलेलं मी पाहिलं नाही.

आता लग्नाचं. नगरकर दादा, तिला सांगा. लग्नाआधी सांगा. मी बायको म्हणून लिहितेय जिला लग्नानंतर त्यांच्या फोनमध्ये दिसलं. व्हिडिओंपेक्षा जास्त काय लागलं माहितीये? की रोज रात्री आम्ही दोघं हात धरून प्रार्थना करत होतो आणि त्या प्रार्थनेतही ते माझ्याशी खोटं होते. त्यातून आम्ही बाहेर आलोय, देवाची कृपा, पण दोन वर्षं माझी फार वाईट गेली. तपशील सांगू नका, तिला ती चित्रं डोक्यात घेऊन जगायला लावू नका. एवढंच सांगा की ही सवय आहे, मी लढतोय, अमुक माणसाला माहीत आहे, आणि तुला विचार करायला पाहिजे तेवढा वेळ घे. तिने नाही म्हटलं तर तो तिचा हक्क आहे.

जुना_संडेस्कूलवाला

लेकी, तुझं दुःख कळतंय, तरी मी थोडं वेगळं म्हणतो. सांगावंच, पण आजच्या आज नको. आधी एका प्रौढ पुरुषाजवळ कबुली, काही महिने चालून दाखव, मग तिला सांग. नाहीतर आपल्या मनावरचं ओझं उतरवायला तिच्या डोक्यावर टाकल्यासारखं होतं.

पाळकाची_लेक

काका, काही महिन्यांनी लग्न झालेलं असेल. पत्रिका वाटून झाल्यावर सांगितलं तर तिला नाही म्हणायची सोय राहते का? आपल्याकडे मुलीने ठरलेलं मोडलं तर बोट तिच्याकडेच दाखवतात. चालून दाखवायचंच असेल तर लग्न पुढे ढकला.

जुना_संडेस्कूलवाला

हे बोललीस ते बरोबर आहे. तारीख मी लक्षात घेतली नव्हती.

श्रीरामपूर_भाऊ

धागा थोडा वळवतोय, माफ करा पण विषय सवयीच्या पापाचाच आहे. माझे वडील पितात. दर नाताळच्या उपासनेत शपथ घेतात, ३१ डिसेंबरच्या वॉचनाईटला परत घेतात, जानेवारीत परत सुरू. आता रोज सकाळपासून लागते. आईने आणि मी ठरवलंय की या रविवारी पास्टरना घरी बोलवायचं, बाटल्या सगळ्या मोरीत ओतायच्या आणि वडिलांना खोलीत बसवून तीन दिवस उपवास प्रार्थना. अग्नी दादांचं वाचून धीर आला.

समुपदेशक_ताई

श्रीरामपूर भाऊ, थांबा. कृपया असं करू नका. मी व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात काम करते आणि ख्रिस्ती आहे, म्हणून दोन्ही बाजूंनी सांगते. सकाळपासून रोज पिणाऱ्या माणसाची दारू एकदम बंद केली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत हात थरथरणं, दरदरून घाम, भास, फिट येणं, हे होऊ शकतं आणि त्यात माणूस दगावू शकतो. त्यात उपवास म्हणजे अजून धोका. आधी डॉक्टर, दाखल करून औषधाखाली दारू बंद करतात, मग प्रार्थना पाहिजे तेवढी करा, दवाखान्यात बसून करा. गुटखा आणि दारू शरीरात सारखं वागत नाहीत. देवाने लूकला वैद्यच ठेवला होता, त्याचा व्यवसाय सोडवल्याचं कुठे लिहिलेलं नाही.

अल्कोहोलिक्स अनॉनिमसचे (दारू सोडू पाहणाऱ्यांचे) गट महाराष्ट्रात बऱ्याच शहरांत आहेत, फी नसते. ही चळवळ १९३५ मध्ये अमेरिकेत अ‍ॅक्रन गावी सुरू झाली ती ऑक्सफर्ड ग्रुप नावाच्या ख्रिस्ती मंडळींच्या सहवासातून, आणि त्यांची पाचवी पायरी आहे की आपल्या चुकांचं खरं स्वरूप देवाजवळ, स्वतःजवळ आणि आणखी एका माणसाजवळ मान्य करायचं. याकोब ५:१६ चर्चच्या बाहेर जाऊन राहिलंय, आम्हाला आत आणता आलं नाही. तुमच्यासाठी आणि आईसाठी घरच्यांचे वेगळे गट असतात, अल-अ‍ॅनॉन, तिथे जा. आई फार थकली असेल.

नगरकर, तुमच्यासाठी पण एक. आमच्याकडे पेशंटला शिकवतात की इच्छा उसळली की आधी बघ, मी उपाशी आहे का, रागात आहे का, एकटा आहे का, दमलोय का. बहुतेक वेळा यातलं एक असतं. १ राजे १९ मध्ये एलीया झुडपाखाली मरण मागत होता, देवदूताने त्याला उपदेश केला नाही, भाकर आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं, परत खायला दिलं. तुम्ही सहसा रात्री किती वाजता जेवता? आणि मोह येणं म्हणजे पाप नाही हे पण पक्कं लक्षात ठेवा, इब्री ४:१५ प्रमाणे प्रभूलाही मोह झाले. कित्येक पोरं नुसता विचार आला तरी आता पडलोच म्हणून उरलेलं पण करून मोकळी होतात.

अग्नी_आणि_आत्मा

ताई, हे मला माहीत नव्हतं. श्रीरामपूर भाऊ, ताई म्हणतात तसंच करा. मी वडिलांसाठी प्रार्थनेला आहेच, आणि श्रीरामपूरजवळ आमच्या संगतीचे लोक आहेत, दवाखान्यात रात्री सोबत बसायला माणूस लागला तर व्यनि करा, पाठवतो.

निवृत्त_पाळक

सगळं शांतपणे वाचलं. तरुण संघाचा प्रश्न कोणी घेतला नाही म्हणून लिहितो.

मुला, संघाचं पुढारीपण काही काळ बाजूला ठेव. शिक्षा म्हणून सांगत नाही, पुढे उभं राहणाऱ्याला लपवायची गरज जास्त पडते, आणि तू लपवालपवीनेच आजारी आहेस. कारण विचारलं तर काही वैयक्तिक गोष्टी आहेत एवढं पुरे. पण उपासनेला ये, गा, आणि प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरसाचा विधी) चुकवू नकोस. पडलेले लोक मेजापासून दूर राहतात, मग महिनोन्‌महिने राहतात. १ करिंथ ११ मध्ये पौल म्हणतो माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग खावे. खाऊच नये असं तो म्हणत नाही.

दुसरं. नुसतं काढून भागत नाही. मत्तय १२ मध्ये अशुद्ध आत्मा गेला, घर झाडलेलं, नीटनेटकं, पण रिकामं, आणि तो सात जणांना घेऊन परत आला. इफिस ४:२८ बघ, चोरी करणाऱ्याने चोरी करू नये एवढ्यावर पौल सोडत नाही, हातांनी काम करावं आणि गरजवंताला द्यावं. चोराचा दाता होईपर्यंत पौलाचं समाधान नाही. मग तुझ्या बाबतीत काय? तू पडद्यावर ज्या बायका बघतोस त्यातल्या कित्येक फसवून, धाकाने तिथे आणलेल्या असतात. तुझ्या डोळ्यांनी माणसाला वस्तू केलं. आता त्याच डोळ्यांनी माणूस बघायला शिकायचंय. रविवारी संध्याकाळी एखाद्या एकट्या म्हाताऱ्या माणसाकडे जा, ससूनच्या वॉर्डात ज्यांच्याकडे कोणी येत नाही त्यांच्याजवळ बस. सवय जाते ती दुसरी सवय जागा घेते तेव्हा, आणि प्रीती ही पण सवयीनेच येते.

आणि मंडळीतल्या आम्हा मोठ्यांना एक विचारायचंय. पवित्रता म्हटलं की आपण पोरांचे मोबाईल आणि दारूच का काढतो? मिळकतीवरून एकमेकांवर वर्षानुवर्षं केसेस चालवणारे चर्चचे वडील (पुढारी) रविवारी दानाचं ताट फिरवतात. मुलाचं लग्न ठरवताना बाप्तिस्म्याआधीची जात विचारली जाते, अजून विचारली जाते, पाचव्या पिढीत. घरी भांडी घासणाऱ्या बाईचा खाड्याचा पगार कापला जातो आणि तोच पैसा दशांशात (चर्चला द्यायच्या दानात) येतो. ही सगळी सवयीची पापं आहेत, आणि यांना लाजही उरलेली नाही. या मुलाला निदान लाज आहे. नारायण वामन टिळक किती तापट होते ते लक्ष्मीबाईंनी आठवणींत काहीही न झाकता लिहून ठेवलं, आणि तरी आपण त्यांची भजनं डोळे भरून गातो. ते झाकलं नाही म्हणून टिळकांचं काही गेलं नाही. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने १५१७ ला जे प्रबंध लावले त्यातला पहिलाच असा आहे की विश्वासणाऱ्याचं सगळं आयुष्य पश्चात्तापाचं असावं. आपण त्याचा उज्जीवन सभेतला एक तास केला.

गासची_सून

पाळकसाहेब, जातीचं वसईलाही आहे, नाव वेगवेगळ्या समाजांचं असतं एवढंच. लिहिलंत बरं झालं.

फक्त_वचन

याकोब ५:१६ बद्दल विचार केला. मध्यस्थ एकच हे माझं मत कायम आहे, पण भावाजवळ बोलणं म्हणजे त्याला मध्यस्थ करणं नाही, हे मान्य.

पुण्यातला_नगरकर

सगळे प्रतिसाद दोन-तीनदा वाचले. उशिरा उत्तर देतोय कारण नुसते आभार लिहायचे नव्हते.

गावी गेलो होतो. आमच्या मंडळीतले एक वडील (ज्येष्ठ पुढारी) आहेत, आजोबांचे विद्यार्थी, त्यांना शेतावर गाठून सांगितलं. त्यांनी आधी काहीच विचारलं नाही, बांधावर बसायला सांगितलं, मग त्यांचं स्वतःचं काहीतरी सांगितलं जे मी इथे लिहिणार नाही. मग प्रार्थना केली, साधी, आवाज न चढवता. मी रडलो नाही या वेळी. परत येताना बसमध्ये वाटलं की सभेतल्यासारखं काही भारी वाटत नाहीये, मग लक्षात आलं की भीती कमी झालीय.

संघाचं काम दुसऱ्या भावाकडे दिलं. फोन रात्री रूममेटच्या खोलीत चार्जिंगला लागतो, त्याला एवढंच सांगितलंय की झोप होत नाही. समुपदेशक ताई, जेवण साडेदहा-अकराला व्हायचं, कधी कधी वडापाववरच, तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलंत.

तिला सांगितलं. फोनवर नाही, समोर, तिच्या मोठ्या बहिणीच्या घरी. तिने वेळ मागितलाय. लग्नाची तारीख दोन्ही घरच्यांनी पुढे ढकललीय, कारण काय सांगितलं ते आमच्यात राहू द्या. पाळकाची लेक ताई, ती काय म्हणेल माहीत नाही पण तुमचं ऐकलं ते बरं केलं असं वाटतंय. प्रार्थना करा, नाव न घेता.

मेथडिस्ट दादा, पुण्यात असा गट माझ्या ओळखीत नाही. तिघं लागतात की दोघांत चालतं?

मेथडिस्ट_माणूस

दोघांत सुरू कर, तिसरा मिळेल. फक्त दुसरा तुझ्याच वयाचा आणि तुझ्याच पापाचा घेऊ नकोस, दोघं मिळून एकमेकांना सूट देत बसाल. वयाने दहा-पंधरा वर्षं मोठा, बायको-मुलं असलेला बघ. प्रश्नांचा कागद व्यनित पाठवतो, आणि तोपर्यंत शनिवारी सहाला मला फोन कर, आम्ही स्पीकरवर घेतो.

श्रीरामपूर_भाऊ

वडिलांना दाखल केलं. दुसऱ्या रात्री खूप थरथरत होते, डॉक्टर म्हणाले घरी असते तर अवघड होतं. आज खिचडी खाल्ली आणि आईला विचारलं तू जेवलीस का. अग्नी दादांचा माणूस रात्री सोबत बसतोय. समुपदेशक ताई, अल-अ‍ॅनॉनचा पत्ता आईसाठी पाठवा, ती जायला तयार आहे.

समुपदेशक_ताई

पाठवला. मराठीतून चालणारा गट आहे, आईंना पहिल्या दिवशी काही बोलावं लागत नाही, नुसतं बसलं तरी चालतं. तुम्ही सोबत जा.